सरांचा हेल

तापीकाठ संशोधन विद्यापीठाचा इंग्रजी व भाषाविज्ञान विभाग बंद करावा, असा ठराव विद्वत्सभेत दोनदा आला आणि दोनदा पुढे ढकलला गेला. ठराव इंग्रजीत होता आणि दोन्ही वेळा कुलगुरूंच्या कानातला दुभाष्या चार्जिंगला लावलेला होता.

दुभाष्या म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढा मणी. तोवर तो सगळ्यांच्याच कानात आला होता. सावद्याचा केळीवाला मराठीत बोले, दुबईचा व्यापारी ते अरबीत ऐके, आणि दोघंही आपापल्या मातृभाषेत एकमेकांना फसवत. मधे इंग्रजीची गरज उरली नाही. तरी विभागात मुलं येत राहिली. एक तर, भाषा आतून कशी चालते हे कळणारी माणसं मणी बनवणाऱ्या कंपन्यांना लागत होती. दुसरं म्हणजे विभागाची इमारत वातानुकूलित होती, आणि भुसावळकडचा उन्हाळा ज्याने पाहिला आहे त्याला एवढं कारण पुरतं.

विभागप्रमुख प्रा. मुरलीधर बऱ्हाटे तरुणपणी दीड वर्ष इंग्लंडात राहून आले होते. येताना त्यांनी एक छत्री आणली आणि एक हेल आणला. छत्री जळगावच्या एसटी स्टँडवर हरवली. हेल राहिला. सर ‘अ‍ॅक्च्युअली’ हा शब्द असा काढत की त्यातल्या पहिल्या अक्षरावर एखाद्याने बसून बुटाची लेस बांधावी. मग एक विराम. तो इतका भरदार असे की त्यात समोरच्याला आपलं चुकलंच, असं वाटू लागे. विभागाच्या इमारतीत पाऊल ठेवलं की मणी काढून ठेवायचा आणि इंग्रजीतच बोलायचं, हा सरांचा नियम होता. परिणामी विभागातला प्रत्येक जण त्याच हेलात ‘अ‍ॅ—क्च्युअली’ म्हणे आणि तसाच थांबे. विभागाच्या बैठकीत तर सगळेच थांबत, आणि बाहेरच्या माणसाला वाटे की श्रद्धांजली चालू आहे.

या विभागाला वाचवलं ते ‘अनुनाद’ने.

त्यामागचं शास्त्र जुनं आणि साधं आहे. दोन माणसं बोलू लागली की एकमेकांकडे सरकतात, म्हणजे आवाजाने सरकतात. एकाचा वेग दुसऱ्याला लागतो. एक जण वाक्याच्या शेवटी सूर खाली नेत असेल, तर दुसऱ्याचाही हळूहळू खाली जातो. स्वरांची लांबी, विरामाची लांबी, श्वास कुठे घ्यायचा, सगळं जवळ येत जातं. हे कोणी ठरवून करत नाही. करतोय हे कळतही नाही. सुनेच्या बोलण्यात दोन वर्षांत सासरचा सूर येतो तो असाच. आणि ज्याच्याबद्दल आपलेपणा वाटतो त्याच्याकडे माणूस जास्त सरकतो, हेही भाषावैज्ञानिकांना बरीच वर्षं माहीत होतं. मोजता मात्र येत नव्हतं. बऱ्हाटे सरांनी ते मोजणारं यंत्र केलं. ताटाएवढी चपटी तबकडी टेबलावर ठेवायची, दोघांनी थोडा वेळ कशावरही बोलायचं, की तबकडीवर शून्य ते शंभरमधला एक आकडा उमटायचा. हा अनुनादांक.

अर्थात यंत्राला आपलेपणा म्हणजे काय हे कळत नाही, ते शिकवावं लागतं. त्यासाठी नमुने लागतात: हे बघ, या दोघांना एकमेकांबद्दल ओढ आहे, ही अशी बोलतात. या दोघांना नाही, ती तशी बोलतात. असे हजारो नमुने विभागातच ध्वनिमुद्रित झाले. विद्यार्थी आणि प्राध्यापक आळीपाळीने सरांच्या केबिनमध्ये येत, त्यांच्याशी इंग्रजीत गप्पा मारत, आणि गप्पा संपल्यावर सर विचारत, “समोरच्या व्यक्तीबद्दल तुला दहापैकी किती जवळीक वाटली?” सगळे दहा म्हणत. एक प्राध्यापक नऊ म्हणाले. ते दुसऱ्या दिवशी स्वतःहून येऊन दुरुस्ती करून गेले. मग प्राध्यापकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या आपापसातल्या जोड्या झाल्या. सरांना विभागात गट नको असत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे एका ताटात जेवणारे मित्रही एकमेकांना दोन-तीनच गुण देत. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. विचारल्यावर तसंच सांगतात.

पुण्याच्या एका कंपनीने यंत्र विकत घेतलं आणि मग ते सुटलंच. मुलाखतीच्या टेबलावर आलं, पक्षाच्या तिकीटवाटपात आलं. वधूवर मंडळांनी तर ते डोक्यावर घेतलं. मंगळ चालेल, पण अनुनादांक साठच्या खाली नको, अशी भाषा सुरू झाली.

शर्वरी नारखेडे ही सरांची लाडकी विद्यार्थिनी. तिचा प्रबंध याच यंत्रावर होता: विवाहपूर्व संभाषणातला अनुनाद. प्रबंध देऊन झाला होता, व्हायवा व्हायचा होता, आणि व्हायवा झाला की पुण्याच्या त्याच कंपनीत नोकरी ठरलेली होती. अशा मुलीला बघायला ओजस फालक आला, तेव्हा पोह्यांच्या बशांच्या मधोमध तबकडी ठेवलेली असणं ओघानेच आलं.

ओजसचं सावद्याला केळी पिकवण्याचं चेंबर होतं. दोघांना बोलायला म्हणून बसवलं. बाकीची मंडळी बोलत नसल्याचं दाखवत ऐकत बसली.

“केळी आवडतात?” ओजसने विचारलं. बघण्याच्या कार्यक्रमात मुलाने विचारायचे जे प्रश्न असतात त्यात हा नसावा.

“आवडतात. आम्ही फ्रीजमध्येच ठेवतो.”

ओजसने कप खाली ठेवला. “केळी? फ्रीजमध्ये?”

“मग? टिकतात.”

“टिकत नाहीत, बेशुद्ध पडतात. अहो, तेरा अंशांच्या खाली केळं नेलं ना, की सालीच्या पेशीच—”

“काळं पडतं ते माहितीये. आतून चांगलं असतं.”

“चांगलं कसलं, ते पिकायचंच थांबतं. तुम्ही त्याला—”

“मी त्याला खाते. त्याच्याशी बोलत नाही.”

“मी बोलतो,” ओजस म्हणाला. “माझा धंदा आहे.”

शर्वरीला हसू आलं. मग त्यालाही आलं. त्यानंतर ती दोघं केळी पिकवणाऱ्या इथिलीन वायूवर, आंब्याच्या पेटीत केळं ठेवावं का यावर, आणि भाषाविज्ञान शिकून माणूस नेमकं काय करतो यावर एकाच वेळी बोलत राहिली. पोहे गार झाले. घरातल्या सगळ्यांना वाटलं की जमलं.

तबकडीवर तेवीस आकडा होता.

ओजसची आई सुलभाताई यांनी तो दोनदा पाहिला. “बिघडलंय का हो?”

“नवीन आहे,” शर्वरीचे वडील प्रमोदराव म्हणाले. “कंपनीने तिला दिलंय. थांबा, आम्ही दोघं बसून दाखवतो.” आणि बायकोला म्हणाले, “कल्पना, ये गं. बोल काहीतरी.”

“काय बोलू? गॅसवर दूध आहे.”

“दूध बंद कर मग.”

“बंद केलं असतं तर तुम्हीच म्हटला असता की सायच येत नाही.”

तबकडीवर सतरा आलं.

प्रमोदराव म्हणाले, “मला वाटलं बारा येईल.”

“तुमचं गणित कधी बरोबर होतं,” असं म्हणून कल्पनाताई दूध बघायला गेल्या.

लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसांचा सतरा येतो, यावरून सुलभाताईंनी यंत्र ठीक चालतंय असाच निष्कर्ष काढला. “पोरगी लाखात एक आहे,” जाताना त्या म्हणाल्या. “पण तेवीसवर मी माझ्या पोराला कसा देऊ? उद्या काही झालं तर लोक म्हणतील, आकडा समोर होता, दिसला नाही का?”

त्या संध्याकाळी ओजसचा फोन आला. मुलीने नकार द्यावा की मुलाने, हे ठरवायला त्याने फोन केलाय असं शर्वरीला वाटलं.

“मला तूच पाहिजेस,” तो म्हणाला. “आकड्याचं काही करता येतं का? तुमच्याच विभागाचं मशीन आहे ना?”

“यंत्रात हात घालता येत नाही.”

“मग माझ्यात घाल.”

शर्वरीने विचार केला. यंत्राला कसं बोललेलं आवडतं हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? यंत्र बनल्यापासून विभागात ती रोज शहाण्णव मिळवत होती.

विद्यापीठाच्या गेटबाहेरच्या उसाच्या गुऱ्हाळावर त्यांचा अभ्यास सुरू झाला.

“मी बोलत असताना मधे बोलायचं नाही,” शर्वरी सांगे. “माझं संपलं की लगेच सुरू करायचं नाही. आधी थांबायचं. मी काय बोलले ते तू तोलतोयस असं वाटलं पाहिजे.”

“तोलायचं असतं तेव्हा मी काट्यावर घालतो.”

“ओजस.”

“बरं. थांबलो.”

“माझा सूर खाली गेला की तुझाही खाली. मी हळू बोलले की तू हळू. आणि ‘नाही’ने वाक्य सुरू करायचं नाही. आधी ‘हो, बरोबर आहे’.”

“आणि बरोबर नसेल तर?”

“तर ‘हो, बरोबर आहे’ आणि मग विराम. विरामात ज्याचं त्याने समजून घ्यायचं.”

“तुम्ही लोक शिकता तरी काय रे भो,” ओजस म्हणाला. मग थांबला आणि सूर खाली नेत म्हणाला, “हो, बरोबर आहे.”

तो हुशार होता, आणि त्याला ती हवी होती. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस काहीही शिकतो. दुसऱ्यांदा तबकडी ठेवली तेव्हा चौऱ्याण्णव आले. सुलभाताईंनी आकड्याचा फोटो काढून नातेवाइकांच्या गटावर टाकला. साखरपुडा झाला, लग्नाची तारीख व्हायवाच्या पुढच्या आठवड्यात धरली. आणि सुलभाताईंनी हौसेने घरच्यासाठी एक तबकडी विकत आणून हॉलमधल्या शोकेसमध्ये, गणपती आणि क्रिकेटच्या ट्रॉफीच्या मधे, चालू करून ठेवली.

इथे अडचण सुरू झाली. शोकेसमधली तबकडी सारखी ऐकत असे. शर्वरी आणि ओजस त्या हॉलमध्ये बोलू लागले की सुलभाताईंची नजर पडद्यावरच्या मालिकेवरून आकड्याकडे जाई. ऐंशीच्या खाली गेला की त्या मालिकेचा आवाज कमी करत. त्यामुळे परीक्षेपुरतं शिकलेलं रोजचं होऊन बसलं. आणि रोजचं झालेलं जिभेवरून सहज उतरत नाही, हे शर्वरीने आपल्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात आकृत्यांसह दाखवलेलं होतं.

एका दुपारी ती फालकांकडे जेवायला गेली होती. बोलता बोलता कल्पनाताईंचा विषय निघाला.

“आई अजून केळी फ्रीजमध्येच ठेवते,” शर्वरी म्हणाली. तिने ते मुद्दाम काढलं होतं. बरेच दिवस भांडण झालं नव्हतं.

ओजस थांबला. विराम व्यवस्थित होता.

“अ‍ॅ—क्च्युअली,” तो म्हणाला, “हो, बरोबर आहे. तसंही चालतं.”

शोकेसमध्ये सत्त्याण्णव झाले. सुलभाताईंनी समाधानाने वरण वाढलं.

शर्वरीच्या हातातला घास हातातच राहिला. ओजस बारावीनंतर इंग्रजीच्या वाटेला गेला नव्हता. त्याने बऱ्हाटे सरांना कधी पाहिलं नव्हतं. आणि सरांचा हेल, इंग्लंडातून दीड वर्षात आणलेला, छत्रीपेक्षा टिकाऊ निघालेला, त्याच्या तोंडातून जसाच्या तसा आला होता. तो हेल तिथपर्यंत एकाच वाटेने येऊ शकत होता. ती वाट म्हणजे ती स्वतः.

ती भाषावैज्ञानिक होती, त्यामुळे तिला आधी वाईट वाटलं नाही. आधी तिला तो विदा, म्हणजे डेटा, म्हणून दिसला. ओजस तिच्याशी तसा बोलत होता, जशी ती सरांशी बोले. ती सरांशी तशी का बोले, हे तिला कोणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, आदर. केबिनबाहेर विचारलं असतं तर म्हणाली असती, फेलोशिप. आणि केबिनमध्ये, तबकडी नुकती बनत असताना, सरांनीच विचारलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, दहा.

वाईट तिला घरी पोचल्यावर वाटलं.

“आई, पप्पा तुझं सगळं ऐकत असते तर?” स्वयंपाकघरात तिने विचारलं.

“म्हणजे कसं?”

“तू काही म्हणालीस की, हो, बरोबर आहे.”

कल्पनाताईंनी पोळी उलटली. “एकदा केलं होतं त्यांनी तसं. आठवडाभर. तुझ्या मामाशी भांडून आले होते आणि मला कळू द्यायचं नव्हतं. मी म्हटलं, काहीतरी लपवतोय हा माणूस.”

“मग?”

“मग काय, भाजीत मीठ जास्त घातलं. बोलले तेव्हा जिवात जीव आला.”

आता शर्वरीपुढे सगळं स्पष्ट होतं, आणि ते बरं नव्हतं. व्हायवात गप्प राहिली, तर पदवी, नोकरी आणि लग्न, तिन्ही ठरल्याप्रमाणे होणार. फक्त लग्न ज्याच्याशी ठरलं होतं तो माणूस त्यात नसणार. त्याच्या जागी एक सुशील असिस्टंट प्रोफेसर असणार, केळीच्या चेंबरसह. बोलली, तर चौऱ्याण्णवला काही अर्थ उरणार नाही, सुलभाताई तेवीसवर परत जाणार, आणि सरांचं काय होईल ते सांगता येत नव्हतं. सरांनी तिला तापात स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. सर वाईट नव्हते. त्यांच्या बोलण्यात कधी कोणी मधे बोललं नव्हतं, इतकंच.

व्हायवाला बाहेरच्या परीक्षक म्हणून कोट्टायमच्या डॉ. सुनीती मेनन आल्या होत्या. टेबलावर समईच्या शेजारी तबकडी होती. विभागाची तशी प्रथाच होती, व्हायवाभर मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांचा आकडा सभागृहाला दिसत राहायचा. शहाण्णव होता. हे सगळं इंग्रजीत चाललं होतं. वाचकांसाठी इथे दुभाष्या लावला आहे.

मेननबाईंनी चार प्रश्न विचारले, शर्वरीने चारांची उत्तरं दिली. मग प्रथेप्रमाणे शेवटचा प्रश्न मार्गदर्शकाचा. तो प्रश्न ठरलेला असे आणि त्याचं उत्तरही ठरलेलं असे. सर विचारत, संशोधनाची मर्यादा काय? विद्यार्थी म्हणे, मर्यादा माझ्या, संशोधन सरांचं. मग टाळ्या, मग समोसे. समोसे आलेही होते. वास येत होता.

“अ‍ॅ—क्च्युअली, शर्वरी,” सर म्हणाले आणि थांबले. “तुझ्या संशोधनाची मर्यादा काय?”

“एकच आहे, सर,” शर्वरी म्हणाली. “तुम्ही.”

मेननबाईंनी पेन खाली ठेवलं.

“बरोबरीची दोन माणसं बोलतात तेव्हा दोघंही सरकतात,” शर्वरी म्हणाली. तिच्या बोलण्याचा वेग वाढत होता. “थोडा हा, थोडी ती. मधेमधे तोडतात, पुढचं वाक्य आधीच ओळखतात. आपण यंत्राला आपलेपणाचे म्हणून जे नमुने दिले, त्यात एकच माणूस सरकत होता. दुसरा जागचा हललाच नाही. ते तुम्ही होतात. यंत्र शिकलं की यालाच जीव लावणं म्हणतात. ते घाबरणं मोजतंय, सर. आणि जिथे माणसं खरोखर मोकळी आहेत तिथे नापास करतंय.”

“बोलणाऱ्यांनी स्वतः गुण दिले होते,” सर म्हणाले. “दहापैकी दहा.”

“कुठे बसून?”

“माझ्या केबिनमध्ये.”

“आणि तुम्ही कुठे होतात?”

सरांचा विराम आला. हा विराम नेहमीचा नव्हता. यात ते स्वतःच अडकले होते.

“पण तूसुद्धा—” ते म्हणाले.

“मीसुद्धा दहाच—”

“मला पुरतं बोलू दे. तूसुद्धा दहाच म्हणाली होतीस ना? आँ? मी काय तुला दटावलं होतं?” हे मराठीत आलं. विभागाच्या इमारतीत सरांनी मराठी बोलण्याची ही पहिलीच वेळ असावी. आणि नुसती मराठी नव्हे. शब्दाचा शेवट ओढून वर नेणारा, त्यांच्या गावच्या, यावलच्या बाजाराचा हेल होता तो. तो इतकी वर्षं कुठे ठेवला होता कोण जाणे.

“दटावलं नाही, सर. पण समोर बसून विचारलंत.”

“मग मागे बसून विचारू?”

“कोणालातरी दुसऱ्याला विचारायला—”

“दुसरं कोण होतं? सगळे मला विचारूनच—”

“तेच तर म्हणतेय मी!”

“तेच तर मीही म्हणतोय!”

सभागृह तबकडीकडे बघत होतं. आकडा शहाण्णववरून उतरत उतरत चौदावर आला होता. सरांनी तो पाहिला. आपणच बनवलेल्या यंत्राकडे माणूस ज्या तटस्थपणे पाहू शकतो, तितक्या तटस्थपणे पाहिला.

“चौदा,” ते म्हणाले.

“माझ्या आईवडिलांचा सतरा आहे,” शर्वरी म्हणाली.

सर खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, “शेवटचं प्रकरण पुन्हा लिही. मला दाखवू नकोस. मेननबाईंना दाखव. मला दाखवायला आणलंस की तू केबिनच्या दारातच बदलशील.” मग इंग्रजीत, पण यावलच्या हेलात, त्यांनी जाहीर केलं की पदवीचा निर्णय राखून ठेवण्यात येत आहे आणि समोसे गार होत आहेत.

पुढे जे झालं ते रीतसर झालं. कंपनीने शर्वरीची नोकरी रद्द केली आणि तिचं शेवटचं प्रकरण मात्र विकत घेतलं. यंत्रं परत मागवणं परवडणारं नव्हतं. म्हणून कंपनीने फक्त नियम उलटा केला: आकडा जितका कमी तितकं चांगलं. वधूवर मंडळांनी एका रात्रीत ‘साठच्या वर’ खोडून ‘तीसच्या आत’ केलं. लगेच भांडण शिकवणारे क्लास निघाले. पोह्यांच्या बशांसमोर सुशील मुलंमुली एकमेकांना घोटून पाठ केलेल्या आवेशात तोडू लागली. कल्पनाताई आणि प्रमोदरावांना त्यांच्या सतराबद्दल वधूवर मंडळाने आदर्श दांपत्य म्हणून शाल दिली. ती कोणी वापरायची यावरून त्यांचं जे झालं ते मोजलं नाही, नाहीतर एकेरी आकडा आला असता. बऱ्हाटे सरांनी केबिनचं दार उघडं ठेवायला सुरुवात केली. त्यातून अजून कोणी आत आलेलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. व्हायवाच्या दिवशी दुपारी शर्वरी बस धरून सरळ सावद्याला गेली. चेंबरमध्ये थंडी होती आणि हिरव्या केळ्यांच्या क्रेटची भिंत छतापर्यंत गेली होती. तिथे तबकडी नव्हती. ओजस स्वेटर घालून तापमान बघत होता.

तिने सगळं सांगितलं. पदवी लटकली. नोकरी बहुतेक गेली. चौऱ्याण्णव खोटा होता, तुझ्या आईला कळेलच, लग्नाचं काय ते आता तुम्ही ठरवा.

ओजसने शेवटपर्यंत ऐकलं. मधे एकदाही बोलला नाही. ती थांबल्यावर लगेच सुरूही झाला नाही.

“हो, बरोबर आहे,” तो म्हणाला. “तू केलंस ते योग्यच असणार.”

सूर तिच्या सुराइतकाच खाली गेला होता. शर्वरीने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती, माया होती, आणि बोलण्यात त्यातलं काहीही नव्हतं. तिला व्हायवात वाटली नव्हती तितकी भीती आता वाटली. आपण याला इतकं चांगलं शिकवलं की काय, की आता उतरायचंच नाही?

तिने जवळच्या क्रेटमधून केळ्यांची एक फणी उचलली.

“ही नेते घरी,” ती म्हणाली. “फ्रीजमध्ये ठेवीन. महिनाभर टिकतील.”

ओजस थांबला.

“खालच्या कप्प्यात नको, नाही का? वर बर्फाजवळ ठेवते. आणखी छान राहतील.”

ओजसने तोंड उघडलं आणि मिटलं. मशीनची घरघर ऐकू येत होती.

“अ‍ॅ—” तो म्हणाला.

शर्वरी श्वास धरून उभी राहिली.

“अगं बर्फाजवळ?” ओजस म्हणाला. “हिरवं केळं? तुला काही कळतं का? मी इथे अर्ध्या अंशासाठी दिवसभर स्वेटर घालून फिरतो आणि तू— दे ती फणी इकडे. दे. तेरा अंश म्हणजे तेरा अंश, त्याच्या खाली सालीच्या पेशी—”

तिने फणी दिली नाही, आणि त्याला वाक्यही पुरं करू दिलं नाही.